मडक्यांचं माळवद

अंबडात सगुणाबाईला लोक पायांवरून ओळखायचे. घोट्यापर्यंत पांढरे पाय. गावाबाहेर उजाड झालेल्या जुन्या वस्तीचं टेकाड होतं, तिथली ती माती. एकदा टाचेच्या भेगांत शिरली की शिकेकाईनं जात नाही, दगडानं जात नाही. जमीनदाराच्या घरची बाई आणि डोक्यावर मातीचं टोपलं, हे दृश्य अंबडनं दोन वर्षं पाहिलं आणि नंतर आयुष्यभर तिला ऐकवलं.

घराचं नाव पागा. पुढच्या अंगाला खरोखरच पागा होती, चौदा खण लांब, सागाच्या तुळया, दगडी जोतं. पणज्याच्या काळात तिथं घोडी बांधायचे. घोडी गेली, भिंतीतल्या मेखा राहिल्या. सगुणाबाईच्या वेळेला त्या मेखांना जुनी जुवं टांगलेली असायची आणि खाली कडबा. वरचं मातीचं माळवद दोन खणांत खाली आलं होतं. तिथून ऊन सरळ आत पडायचं आणि कोंबड्या त्या उन्हात माती उकरत बसायच्या.

सगुणाबाई याच घरची लेक. नवव्या वर्षी धावड्याला दिली, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. सासरी जात्यावर ओवी धरली की सासू ओरडायची, "नवरा खाऊन बसली अन् गानं सुचून राह्यलं बाईला!" सोळाव्या वर्षी बाप जाऊन तिला घेऊन आला. माहेरी कुणी ओरडत नव्हतं. कुणी ऐकतही नव्हतं. ती कडब्यात जाऊन गायची, कोंबड्यांपुढं.

छत्तीस सालची गोष्ट. धाकटा भाऊ रामराव तेव्हा अंबडच्या कोर्टात वकिली करायचा. औरंगाबादेत शिकताना त्याला नाटकाचं वेड लागलेलं. एका दुपारी ती भाकरी थापत होती, तर चुलीपुढं येऊन उकिडवा बसला.

"आक्का, पागेचं नाटकघर करू."

"अन् कडबा कुठं ठेवू?"

"मी नाटकाचं बोलून राह्यलो, अन् तू कडब्याचं."

"बैलं नाटक खात न्हाईत रामा."

तो हसला. मग गंभीर झाला. "आपल्या पणज्याची इमारत हाय. अशीच पडू द्यायची? मला कोर्टातून फुरसत न्हाई. मिस्तरी तू बघ, माती तू बघ. उभी करून दे मला."

"अन् मला काय देशील?" तिनं भाकरी उलटवत, गमतीनंच विचारलं.

"पहिलं गाणं तुझं."

तिचा हात तव्यावर थांबला.

"पडदा वर गेला की आधी तू. मधोमध उभी राहायचं अन् म्हणायचं. सगळ्या अंबडासमोर."

"चेष्टा करून राह्यलास."

"आईची आन," रामराव म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला. ती भाकरी करपली. त्या घरात सगुणाबाईच्या हातची करपलेली ती पहिली भाकरी, असं तिची भावजय उषाबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

मिस्तरी आले बदरोद्दीन. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, इमारतीशी बोलल्यासारखे भिंतीला हात लावून उभे राहायचे. त्यांची बायको रहिमाबी माळवद चोपणाऱ्या बायकांची म्होरकी. तिच्या हातात लाकडी चोपणं असलं की बाकीच्या अकरा बायकांचे हात तिच्या हाताबरोबर खाली यायचे.

तुळया बदलून झाल्या, फळ्या पडल्या, आणि बदरोद्दीन पागेच्या एका टोकाला जाऊन ओरडले, "बाई, ऐकू आलं का?"

"अर्धं."

"अर्धंच येणार. लंबी इमारत है. आवाज मधीच मरतो." ते जवळ आले. "घोड्याला काय, हिनहिनला की झालं. नाटकाला न्हाई चालणार. माळवदात मडकी बसवावी लागतील."

"मडकी? छतात?"

"उलटी. तोंड खाली. आवाज तोंडात जातो, पोटात घुमतो, मंग खाली येतो. माझ्या वालिदनं एका दर्ग्याच्या दालनात बसवल्ती. कोपऱ्यात बसलेला म्हातारा बी बराबर ऐकायचा." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "पन एक सांगा. कुनाच्या आवाजावर बसवू? मर्दाच्या आवाजाला मोठं मडकं लागतं, बाईच्या आवाजाला बारकं. एकाचं दुसऱ्याला चालत न्हाई. गानार कोन हाय?"

सगुणाबाईनं पदर खांद्यावर ओढला. आजूबाजूला पाहिलं. रामराव कोर्टात होता.

"मी," ती म्हणाली.

बदरोद्दीननं मान वर केली नाही. "बहोत खूब," एवढंच म्हणाले, जसं काही जमीनदाराच्या विधवा मुली रोजच नाटकात गातात.

कचरू कुंभारानं गाडीभर मडकी आणून उतरवली. पागेत रांगा लावल्या. सगुणाबाई मधे उभी राहून एक सूर धरायची आणि रहिमाबी एकेका मडक्याच्या तोंडाला कान लावून ओणवी व्हायची.

"ये नई. मुकं हाय."

"पुढचं बघ."

"ये भी नई. ये तर बहिरं बी हाय."

"रहिमा, थट्टा नको. माझा दम चाललाय."

"ठहरो, ठहरो... बाई! ये बोला! तुमच्याच आवाजात बोला!" रहिमाबीनं मडकं पोटाशी धरलं, लेकरू धरावं तसं.

गाडीभर मडक्यांतून एकवीस निघाली. बाकीची कचरूनं परत नेली. जाताना पुटपुटला, "चाळीस वर्षं मडकी करून राह्यलो. पान्यासाठी घेतात, अस्थीसाठी घेतात. गान्यासाठी नापास झाली माझी मडकी, हे आजच."

एकवीस मडकी तुळयांच्या मधे उलटी बसली. वरून निरगुडीचा पाला, त्यावर पांढरी माती. मग बारा बायका आडव्या रांगेत, चोपणं उचलायची आणि टाकायची. तेरावी सगुणाबाई. तिनंच ओवी रचली आणि रहिमाबीनं उचलली:

माळवद चोपू बाई, हाताला हात लागू दे
खालच्या घरामंदी माझा आवाज जागू दे

उषाबाई खालून, अंगणातून बघायची. "वन्सं, लोकं विचारून राह्यले, पागेवाल्यांनी नवी बाई ठेवली का मजुरीला?"

"सांगा, ठेवली. जेवणखाणावर."

अडतीस सालच्या हिवाळ्यात पागा उभी राहिली. भिंतीतल्या मेखा रामरावानं मुद्दाम ठेवल्या, त्यांना कंदील टांगायचे होते. पण कंदिलांची गरजच पडली नाही. निजामाच्या कचेरीतून परवानगी आली ती अटीवर: भाषण नाही, जमाव नाही, आणि खेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेआधी संपला पाहिजे. म्हणून अंबडचं नाटक दुपारी दोनला सुरू होणार होतं, जेवणाचे ढेकर देत.

जालन्याहून मंडळी आली. त्यांचा मच्छिंद्र नावाचा नट नायिका करायचा. पंचविशीचा, देखणा, शालू नेसून उभा राहिला की गावच्या बायका स्वतःच्या लुगड्याकडे बघायच्या. सकाळी तालमीला त्यानं तान घेतली आणि थांबला. पुन्हा घेतली. मंडळीचे मालक मागच्या भिंतीपाशी होते.

"मच्छिंद्र, गा की!"

"गाऊनच राह्यलो मालक."

"मला काहीच ऐकू येत न्हाई इकडं. रामरावसाहेब, ही इमारत आवाज खाते."

रामरावाचा चेहरा उतरला. सगुणाबाई पडद्यामागच्या दारात उभी होती. तिला माहीत होतं. मच्छिंद्रचा गळा जाड, पुरुषी. मडकी बारकी. तिच्या मापाची.

"मी म्हणून बघू?" ती म्हणाली.

उंबऱ्यातूनच तिनं सूर लावला. वरची एकवीस मडकी एकदम जागी झाली. आवाज मागच्या भिंतीला जाऊन परत आला. मालक वर बघायला लागले, मच्छिंद्र वर बघायला लागला. फक्त रामराव तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते कौतुक असावं असं तिला वाटलं.

दुपारी बारा वाजता तो स्वयंपाकघरात आला. तिनं ट्रंकेतलं जरीकाठी लुगडं काढून ठेवलं होतं.

"आक्का, असं करू. पडद्यामागच्या भिंतीत कडब्याची खिडकी हाय ना, तिथं तू बस. आपण बांबूची चिक सोडू. मच्छिंद्र ओठ हलवील, तू म्हण."

तिनं लुगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाली, "पहिलं गाणं माझं म्हणाला होतास."

"मंग? हे पहिलंच हाय की."

लुगडं ट्रंकेत परत गेलं. चिकेमागं बसणाऱ्या बाईला जरीकाठ कशाला?

त्या दुपारी अंबड मच्छिंद्रच्या गळ्यावर खुळं झालं. "बाईलाबी असा आवाज न्हाई हो," असं पहिल्या रांगेतले एक सावकार जोरात म्हणाले. चिकेमागं सगुणाबाईला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. तेवढ्या अंतराला मडकी लागत नव्हती.

वर्षभरात नऊ खेळ झाले. चौथ्या खेळाला मच्छिंद्रला चांदीचं पदक मिळालं. खेळानंतर तो भादरलेल्या मिशीवरची पावडर न पुसताच कडब्याच्या खिडकीशी आला.

"बाई, हे तुमचं हाय."

"माझ्या लुगड्याला कुठं लावू ते?"

"मला शरम वाटते. खरं सांगून टाकावं वाटतं सगळ्यांना."

"सांगशील?"

त्यानं पदक मुठीत धरलं. "मंग माझ्या पोटाचं काय, बाई?"

"तेच," सगुणाबाई म्हणाली. "जा. मिशी पूस."

त्याच्यावर तिचा राग नव्हता. राग कुणावर होता ते तिनं फाल्गुनात, रामराव जेवताना, समोर बसून बोलून दाखवलं.

"रामा, एकदा. फक्त एकदा. चिक काढ. उघड्यावर उभी राहते, एक गाणं म्हणते, मंग मरेपर्यंत चिकेमागं बसवलंस तरी बसते."

"आक्का, ते मी गमतीत बोलल्तो."

"आईची आन गमतीत घेतल्ती?"

रामरावानं ताट थोडं पुढं सरकवलं. "लोकं काय म्हणतील? पागेवाल्यांनी विधवा बहीण नाटकात उभी केली."

"तुझी बहीण दोन वर्षं माळवदावर उभी होती. रस्त्यावरून दिसत होती. तवा लोकं आंधळी होती का?"

"ते काम होतं. हे गाणं हाय."

"अन् चिकेमागं काय हाय?"

"ते कुणाला दिसत न्हाई," रामराव म्हणाला. खरं तेच बोलला. उषाबाईनं त्याला ताक वाढलं.

वैशाखात दरवर्षी माळवदावर नवी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर पावसात गळतं. रामराव एका दाव्यासाठी हैदराबादेला गेलेला, उषाबाई माहेरी केदारखेड्याला. पागेत भर दुपारी सगुणाबाई आणि रहिमाबी दोघीच. सगुणाबाईनं भुसा घालून माती मळली, शिडी लावली आणि पहिल्या मडक्याच्या तोंडात गोळा दाबला.

"क्या कर रहे बाई!"

"शिडी धर."

"तुमचा गळा हाय त्यात. मी कान लावून लावून निवडला."

"माझा हाय ना? मंग मी काय बी करीन त्याचं."

रहिमाबीनं शिडी धरली. अख्खा वेळ धरली, पण वर बघितलं नाही. एकवीस गोळे. वरून चुन्याचा हात, सगळं छत सारखं पांढरं. सगुणाबाई खाली उतरून मधोमध उभी राहिली, बरोब्बर जिथं पडदा वर गेल्यावर उभं राहायचं होतं, आणि तिनं हाक मारली, "रामा!"

हाक पायापाशी पडली.

पुढच्या खेळाला ती चिकेमागं बसून नेहमीसारखीच गायली. जीव लावून गायली. तिसऱ्या रांगेनंतर लोक बिड्या पेटवून बोलायला लागले. मालकांनी रामरावाला सांगितलं, "इमारतीचा आवाज बसला साहेब. गेलं ते." पुढच्या महिन्यात मंडळी दुसऱ्या गावी गेली.

रामरावानं बदरोद्दीनला बोलावलं. मिस्तरी पागेत उभे राहिले. छताकडे बघितलं. नव्या चुन्याकडे बघितलं. मग दारात उभ्या सगुणाबाईच्या हातांकडे. हात तिनं पदराखाली घेतले.

"माळवद जुनं झालं की मुकं होतं, साहेब," बदरोद्दीन म्हणाले. "इलाज न्हाई."

त्यांच्या आयुष्यातलं ते एकच खोटं काम, असं रहिमाबी म्हणायची. पंचेचाळीस साली ते गेले. पागेत तोवर सरकीची पोती आली होती.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं. अंबडात गुलाल उडाला, आणि काही गल्ल्यांत दारं आतून लागली ती उघडलीच नाहीत. रहिमाबी मागच्या दारानं आली. हातात गाठोडं, गाठोड्यात चोपणं. सगुणाबाईनं तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत आठ दिवस ठेवलं. रामरावाला कळलं होतं. तो काही बोलला नाही. त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढं आहे, ते सांगितलं पाहिजे.

नवव्या दिवशी रहिमाबीचा भाचा बैलगाडी घेऊन आला. चोपणं तिनं सगुणाबाईच्या हातात दिलं.

"आता कुठं माळवद चोपणार मी! ठेवा. अन् बाई, मडकी मोकळी करा. माती काय, पहारीनं निघते."

"कुणासाठी करू?"

"तुमच्यासाठी. मी ऐकायला नसले म्हणून काय झालं?"

"पोती ऐकतील का?" सगुणाबाई म्हणाली. तेवढंच ती शेवटचं बोलली. रहिमाबीनं गाडीतून हात हलवला की नाही ते गर्दीत दिसलं नाही. ती कुठं गेली ते अंबडात कुणी विचारलं नाही.

मार्गशीर्षात नवे अधिकारी गावाला येणार होते. रामरावाच्या डोक्यावर आता पांढरी टोपी होती. पोती बाहेर निघाली, पागा झाडली, सतरंज्या अंथरल्या. चारचा कार्यक्रम. एक वाजता रामराव धापा टाकत स्वयंपाकघरात आला.

"आक्का, त्यांच्या बाईंची इच्छा हाय, स्वागताचं गाणं गावातल्या बायकांनी म्हणावं. तू म्हण. मधोमध उभी राहून. चिक न्हाई, काही न्हाई."

सगुणाबाईनं विचारलं, "अन् लोकं काय म्हणतील?"

"आता काही म्हणत न्हाईत."

"बिलकुल न्हाई?"

"उलट चांगलं दिसतं."

दहा वर्षं झाली होती. लोक तेच होते. पहिल्या रांगेत तेच सावकार बसणार होते. ती उठली. गोठ्यातून पहार आणली, शिडी आणली, सतरंजीवरच लावली आणि चढली. ती चव्वेचाळीस वर्षांची होती, गळा शाबूत होता. तीन तासांत एकवीस. तिनं मनात हिशेब केला.

माती दगड झालेली. पहिलंच मडकं अर्धा तास घेऊन बसलं. मग एकदम डिखळ सुटलं आणि धाडकन सतरंजीवर फुटलं. पांढरा धुरळा उडाला.

उषाबाई धावत आली. "अगंबाई! वन्सं! पाव्हणे येऊन राह्यले अन् तुम्ही छत पाडून राह्यल्या?"

"मला अजून वीस काढायचीत."

"वीस काय? काय वीस? अहो, ऐकलंत का, इकडं या जल्दी!"

रामराव आला, दोन गडी आले. शिडी गेली. "आक्का, शोभतं का हे? डोक्यावर कोसळलं असतं कुणाच्या! हात धू, लुगडं बदल." तिनं तोंड उघडलं. सांगायचं म्हटलं तर छत्तीस सालापासून सांगावं लागलं असतं, आणि मिस्तरींचं खोटंही उघडं पडलं असतं. ती हात धुवायला गेली. माती पडली तिथली सतरंजी धुळीनं खराब झाली होती, गड्यांनी ती गुंडाळून नेली. दुसरी नव्हती. त्या चौकोनात कुणी बसू नये म्हणून उषाबाईनं मधे दोन तांबे ठेवले.

चार वाजता सगुणाबाई जरीकाठी लुगडं नेसून मधोमध उभी राहिली. खाली पांढरे पाय. दोनेकशे माणूस समोर. तिनं डोळे मिटले नाहीत. बारा वर्षं तिला हेच बघायचं होतं.

ती गायली. सूर बराबर होता. पहिल्या रांगेनं सभ्यपणानं कान पुढं केले. अधिकाऱ्यांच्या बाई हसतमुखानं मान हलवत होत्या, जरा चुकीच्या ठेक्यावर. चौथ्या रांगेत एकानं विचारलं, "सुरू झालं का?" आणि दुसरा म्हणाला, "बाई पुटपुटून राह्यली काहीतरी." मागं पोरं खिदळली. रामराव कडेनं दबक्या आवाजात म्हणाला, "आक्का, जरा जोरात."

तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. डावीकडे, सातव्या खणात, छतातलं एकच मडकं घुमत होतं. स्वच्छ, गोल, अगदी तिचाच आवाज, जसा रहिमाबीनं पोटाशी धरला होता तसा. तो खाली येत होता त्या रिकाम्या चौकोनात, दोन तांब्यांच्या मधे.

तिथं कुणी बसलेलं नव्हतं. सगुणाबाईनं उरलेलं गाणं त्या तांब्यांकडे बघत म्हटलं.

खाली बसल्यावर उषाबाईनं तिला पाणी आणून दिलं. "वन्सं, घसा बसला वाटतं तुमचा?"

"हो," सगुणाबाई म्हणाली.